शीव, हद्द, वेस आणि महाराष्ट्राची सीमा

प्रश्न असा आहे: चौथीतल्या एका मुलीने भूगोलाच्या वहीत लिहिलं, 'महाराष्ट्राच्या वायव्येच्या शिवेला गुजरात लागतो.' वाक्य तिला आजीने सांगितलं होतं. बाईंनी 'शिवेला' या शब्दाभोवती लाल गोल काढून वर 'सीमेला' लिहिलं. मुलीची आई विचारते, 'शीव हा शब्द चूक आहे का? की फक्त गावाकडचा आहे म्हणून चालत नाही? आणि मग हद्द, वेस, सरहद्द यांत नेमका फरक काय?'

चूक मुळीच नाही. शीव आणि सीमा हा मुळात एकच शब्द आहे. संस्कृतातल्या शब्दात दोन स्वरांच्या मधे सापडलेला 'म' मराठीत येईपर्यंत पुष्कळदा 'व' झाला. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, कोमलचं कोवळं, आमलकाचा आवळा. तशीच सीमेची शीव झाली. सुरुवातीच्या 'स'चा 'श' होणं हीसुद्धा मराठीची जुनी खोड आहे, पुढे 'इ' किंवा 'ई' आली की हे घडतं. हिंदीत कपडे 'सीते' तर मराठीत शिवतात. भात शिजतो त्यातलं शिजणं 'सिध्' धातूपासून आलेलं आहे. म्हणजे आजीच्या तोंडातला शब्द पिढ्यान् पिढ्या वापरून गुळगुळीत झालेला, आणि बाईंनी लिहिलेला शब्द पुन्हा एकदा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. दोघी एकच गोष्ट म्हणत होत्या.

हा शब्द आपल्याकडे आणखी दोन ठिकाणी लपून बसला आहे, आणि ती दोन्ही ठिकाणं मला फार आवडतात. दसऱ्याला कोल्हापूर-सातारकडची माणसं 'शिलंगणाला' जातात. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन, गावची शीव ओलांडून जाणं. दुसरं लग्नातलं. आदल्या दिवशी वरपक्षाचं स्वागत करून जो विधी करतात त्याला पत्रिकेत सर्रास 'श्रीमंतपूजन' छापलेलं असतं. मूळ शब्द 'सीमांतपूजन'. वऱ्हाड गावच्या शिवेपाशी पोचलं की यजमानांनी तिथवर जाऊन नवरदेवाची पूजा करायची, म्हणून सीमेच्या अंताशी केलेलं पूजन. आता हा विधी कार्यालयातच होतो, शीव कुणाला दिसत नाही, त्यामुळे ओळखीचा 'श्रीमंत' तिथे येऊन बसला.

आता मुख्य फरकाकडे येऊ. कोशात पाहिलं तर हे सगळे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात आणि गोंधळ वाढतो. त्यापेक्षा त्यांना कोणता प्रत्यय सहज लागतो ते बघावं. आपण म्हणतो, 'सैनिक सीमेवर आहेत', 'शिवेवर म्हसोबा आहे'. पण म्हणतो, 'गुन्हा आमच्या हद्दीत घडला'. 'गुन्हा आमच्या सीमेत घडला' असं कोणताही हवालदार म्हणणार नाही. सीमा आणि शीव म्हणजे रेघ, तिच्यावर उभं राहता येतं. हद्द म्हणजे त्या रेघेच्या आतला सगळा मुलूख, जिथवर कुणाचा तरी हुकूम चालतो. म्हणून पोलीस ठाण्याची हद्द, महापालिकेची हद्दवाढ, म्हणून माणूस 'हद्दपार' होतो. 'दोन गावांच्या हद्दीवर' असंही आपण बोलतो, ते बरोबरच आहे, पण हद्द शब्दाचा खरा जीव 'हद्दीत' या रूपात आहे. शीव या शब्दाला आतला मुलूख सांगायची वेळ आली की मराठी वेगळा शब्द काढते, शिवार. 'शिवेवर दगड, शिवारात पीक.'

हद्द मूळ अरबी. तिच्या आधी फारसी 'सर' लागून सरहद्द झाली. मराठीत सरहद्द म्हटलं की दोन राज्यसत्तांच्या मधली, चौकी-पहाऱ्याची रेषा डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्राला परदेशाची जमीन कुठेच लागत नाही, त्यामुळे आपल्या राज्याच्या कडेला हा शब्द नीट बसत नाही. लिहिताना मराठीत 'द' जोडूनच लिहावा. 'सरहद' हे हिंदी रूप आहे.

वेस मात्र या घरातली नाहीच. वेस म्हणजे दरवाजा. गावाला कूस असायचं, त्या भिंतीतून आत-बाहेर करायची जागा ती वेस. म्हणून मिरवणूक वेशीतून जाते, मारुती वेशीत असतो, अब्रू वेशीला टांगली जाते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसावी. वेस ओलांडून बाहेर पडलेला माणूस अजून गावाच्या शिवारातच असतो. शीव पुढे लांब, शेतं संपतात तिथे. 'महाराष्ट्राची वेस' हा प्रयोग कवितेत चालेल, भूगोलात नाही.

शीव फक्त खेड्याची असते, एवढ्या मोठ्या राज्याला तो शब्द शोभत नाही, असंही कुणी म्हणेल. त्यांनी मुंबईत मध्य रेल्वेच्या गाडीतून शीव स्थानकावर उतरावं. इंग्रजी पाटीवरचं 'Sion' (सायन) हे नाव वाचून अनेकांना ते बायबलमधलं वाटतं. पण ती आपली साधी शीव आहे: मुंबई बेटाची उत्तरेची कड. पलीकडे साष्टी बेट. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. मधली पस्तीसेक वर्षं शिवेच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे मराठे होते. दोन सत्तांच्या मधल्या रेषेला जो शब्द पुरला, तो दोन राज्यांना पुरणार नाही असं कसं म्हणायचं?

तरीही परीक्षेत सीमा लिहावं असं मी सांगेन, आणि त्याचं कारण वेगळं आहे. शाळेच्या पुस्तकात 'स्थान, विस्तार व सीमा' असं ठरलेलं त्रिकूट येतं, आणि यातला प्रत्येक शब्द तिथे परिभाषा म्हणून वापरलेला असतो. 'विस्तार'च बघा. मंत्रिमंडळाचा विस्तार होतो तेव्हा काहीतरी वाढतं. राज्याचा विस्तार म्हणजे मात्र वाढ नव्हे, ते कुठून कुठवर पसरलं आहे ते. महाराष्ट्र साधारण साडेपंधरा ते बावीस उत्तर अक्षांश आणि साडेबहात्तर ते एक्क्याऐंशी पूर्व रेखांश यांच्या दरम्यान आहे. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ८०० किलोमीटर. हे मुलांना सांगायचं तर आकड्यापेक्षा सूर्य बरा: गडचिरोलीत तो मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. हा विस्तार. ३,०७,७१३ चौरस किलोमीटर हे क्षेत्रफळ; त्या बाबतीत राजस्थान आणि मध्य प्रदेश एवढीच दोन राज्यं आपल्यापुढे आहेत.

सीमा शब्दाचं अनेकवचन विचारणारेही बरेच भेटतात. भाषा-भाषा, शाळा-शाळा तसं सीमा-सीमा. 'सीमे' किंवा 'सीमाएं' नाही. सामान्यरूप सीमेवर, सीमांवर. शीव दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: शिवेवर. हद्दीचं अनेकवचन हद्दी, वेशीचं वेशी.

आणखी एक शब्द खास आपला: 'सीमाभाग'. शब्दशः पाहिलं तर नंदुरबारचं धडगाव, गोंदियाचं सालेकसा, गडचिरोलीचं सिरोंचा हे सगळे सीमेवरचेच तालुके. पण मराठी माणूस नुसतं 'सीमाभागातून आलोय' म्हणाला तर ऐकणारा बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर-भालकीच समजतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला, फक्त त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि आज कोल्हापुरात आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या वर्षांच्या दुखण्याने सर्वसाधारण शब्दाचं विशेषनाम केलं. तिथल्या माणसांना तो शब्द 'कडेचा प्रदेश' असा ऐकू येत नाही, स्वतःची ओळख म्हणून ऐकू येतो. त्यामुळे तो सैलपणे वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

जमिनीच्या खरेदीखतात 'चतुःसीमा' लिहितात ते अनेकांनी पाहिलं असेल: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद. राज्याच्या सीमा सांगायची मराठी रीत थेट तिथली आहे. वायव्येस गुजरात आणि दादरा-नगरहवेली, उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड, आग्नेयेस तेलंगण, दक्षिणेस कर्नाटक, नैर्ऋत्येस गोवा, पश्चिमेस अरबी समुद्र. खरेदीखतात शेजारी बदलला की नाव बदलतं, तसं इथेही झालं. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा छत्तीसगड आणि तेलंगण ही नावं या यादीत नव्हती. पहिलं २००० साली आलं, दुसरं २०१४ साली.

ओढा जसा बांधाचं काम करतो तशी गडचिरोलीत प्राणहिता नदी तेलंगणाच्या बाजूला सीमेचं काम करते. पण नदी दिसली की तीच सीमा असं धरून चालू नये. तेरेखोल नदी सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्यामधून समुद्राला मिळते, आणि तिच्या उत्तर काठावरचा, म्हणजे आपल्या बाजूचा, तेरेखोलचा किल्ला मात्र गोव्याचा आहे.

तेव्हा मुलीने वहीत 'महाराष्ट्राच्या वायव्य सीमेला गुजरात लागून आहे' असं लिहावं आणि गुण घ्यावेत. आजीचं वाक्य शेजारी पेन्सिलीने तसंच राहू द्या. फक्त 'वायव्येच्या शिवेला' ऐवजी 'वायव्येला आपल्या शिवेला गुजरातची शीव लागते' असं केलं तर ते आजीच्याच बोलीत आणखी नेमकं होईल, कारण गावाकडे बोलताना शिवेला शीवच लागते.