फाइल आहे कुठे? बिल्डच्या वाटेवर अडलेल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : एका मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड मी गिटहबवरून क्लोन केला. सूचनांमध्ये ‘आधी कॉन्फिगर चालवा, मग मेक’ असे लिहिले आहे, परंतु फोल्डरमध्ये कॉन्फिगर नावाची फाइलच नाही. ती चुकून राहून गेली असेल काय? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : राहून गेलेली नाही. कॉन्फिगर म्हणजे संगणक तपासून बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची, तयारी करणारी स्क्रिप्ट; प्रत्यक्ष बिल्ड मेक करते. ही स्क्रिप्ट सहसा कोणी हाताने लिहीत नाही. १९९१ मध्ये सुरू झालेले ऑटोकॉन्फ हे टूल ‘कॉन्फिगर.एसी’ या लहानशा फाइलवरून ती हजारो ओळींची स्क्रिप्ट तयार करते आणि अशा तयार झालेल्या फाइली रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिटमधल्या कोडसाठ्यात) ठेवू नयेत, असा पुष्कळ प्रकल्पांचा शिरस्ता आहे. नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, जो टारबॉल (सगळ्या फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) बनवतो, त्यात मात्र ती असते. त्यामुळे टारबॉल घेणाऱ्याचे काम कंपायलर, मेक आणि आवश्यक लायब्रऱ्यांवर भागते, तर क्लोन करणाऱ्याला त्याशिवाय मेंटेनरची हत्यारेही लागतात: ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि बहुधा पीकेजी-कॉन्फिग. ती बसवून ‘ऑटोरीकॉन्फ’ ही कमांड इन्स्टॉलच्या पर्यायासह चालवावी; प्रकल्पाने ‘ऑटोजेन’ नावाची स्क्रिप्ट दिली असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे. गिटहब प्रत्येक आवृत्तीखाली ‘सोर्स कोड’ नावाचा जो संग्रह आपोआप देते, तो दिसायला टारबॉलसारखा असला तरी आत रिपॉझिटरीतल्याच फाइली असतात. अनुभवी माणसेही तिथे फसतात.

प्रश्न : ऑटोरीकॉन्फ विनातक्रार पार पडले आणि कॉन्फिगर तयारही झाले, पण ते चालवताच ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ असा शब्द असलेल्या ओळीवर सिंटॅक्स एरर येते. प्रकल्पाच्या कोडमध्येच चूक आहे काय?

उत्तर : चूक कोडमध्ये नाही, कॉन्फिगर तयार झाले त्या क्षणी आपल्या संगणकावर पीकेजी-कॉन्फिग नव्हते. कॉन्फिगर.एसीमधले असे शब्द म्हणजे मॅक्रो असतात. एसीलोकल हे टूल त्यांच्या व्याख्या संगणकावरच्या ठरावीक फोल्डरमधून गोळा करते आणि मग ऑटोकॉन्फ त्या शब्दांच्या जागी खरा शेल कोड भरते. व्याख्या सापडली नाही, तर शब्द जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये उतरतो आणि त्याचा अर्थ न लागल्याने शेल अडते. तक्रार आधीच का आली नाही, याचे कारण असे की ‘एसी_’ किंवा ‘एएम_’ ने सुरू होणारा अनोळखी शब्द ऑटोकॉन्फ स्वतःहून अडवते, पण ‘पीकेजी_’ किंवा ‘एएक्स_’ ने सुरू होणाऱ्या शब्दांवर त्याचा मुळात पहारा नसतो.

तेव्हा शब्दाच्या आरंभावरूनच कोणते पॅकेज हवे ते ओळखता येते: ‘पीकेजी_’ असेल तर पीकेजी-कॉन्फिग, ‘एलटी_’ असेल तर लिबटूल, ‘एएक्स_’ असेल तर बहुतेक वेळा ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह. मात्र पॅकेज बसवल्यावर थेट कॉन्फिगर पुन्हा चालवून उपयोग नाही, कारण बिघडलेली स्क्रिप्ट तीच राहते. ऑटोरीकॉन्फ ‘फोर्स’च्या पर्यायासह पुन्हा चालवावे लागते. मला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

प्रश्न : मी एकही फाइल बदललेली नसताना मेक म्हणते की ‘एसीलोकल-१.१५’ संगणकावर नाही. माझ्याकडे १.१६ आहे. त्याला १.१५ नावाची सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारे दुसरे नाव) द्यावी, असे सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल काय?

उत्तर : ठरणार नाही. या प्रकल्पाने तयार झालेल्या फाइलीही रिपॉझिटरीत ठेवलेल्या दिसतात आणि दुखणे तिथूनच सुरू होते. गिट फाइलींचा मजकूर जपते, त्यांची वेळ जपत नाही. क्लोन करताना सगळ्या फाइलींवर त्या क्षणाची वेळ पडते आणि कोणती फाइल क्षणभर आधी लिहिली गेली, हा निव्वळ योगायोग असतो. मेक तर फक्त वेळा पाहते. कॉन्फिगर.एसी ही फाइल ‘एसीलोकल.एम४’ पेक्षा नवी भासली, की ते सारे पुन्हा घडवायला निघते आणि त्यासाठी मेंटेनरच्या संगणकावर जी आवृत्ती होती, नेमकी तीच मागते.

सिमलिंक म्हणजे एका टूलवर दुसऱ्याच आवृत्तीची पाटी लावणे. कधी निभावते, कधी आवृत्ती जुळत नसल्याची नवी तक्रार उभी राहते. आपण खरोखरच काही बदललेले नसेल, तर ‘टच’ कमांडने आधी एसीलोकल.एम४ची आणि त्यानंतर कॉन्फिगर, ‘कॉन्फिग.एच.इन’ व सर्व ‘मेकफाइल.इन’ यांची वेळ पुढे आणावी. बदल केला असेल, तर ऑटोरीकॉन्फ फोर्ससह चालवून सगळे स्वतःच्या १.१६ ने नव्याने घडवावे. मात्र त्यातून बदललेल्या हजारो ओळी आपल्या पॅचमध्ये (प्रकल्पाला पाठवायच्या बदलात) पाठवू नयेत, कारण तपासणाऱ्याला त्यात आपल्या तीन ओळी सापडणार नाहीत.

प्रश्न : लायब्ररी बसवलेली असूनही तिची हेडर फाइल सापडत नाही.

उत्तर : हेडर फाइल, म्हणजे लायब्ररी वापरणारा कोड कंपाइल करताना लागणारी फाइल, सहसा वेगळ्या पॅकेजात असते. लिनक्सच्या डेबियन-उबुंटू या डिस्ट्रिब्यूशनवर त्याच नावाचे ‘-डेव्ह’ आणि फेडोरावर ‘-डेव्हल’ लागलेले पॅकेज बसवावे. पॅकेजचे नाव ठाऊक नसेल, तर डेबियनवर ‘एपीटी-फाइल’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ फाइलच्या नावावरून ते शोधून देतात.

प्रश्न : इतकी यातायात पाहता टारबॉलच घेणे शहाणपणाचे नव्हे काय?

उत्तर : मार्च २०२४ पर्यंत मी बिनदिक्कत ‘होय’ म्हटले असते. त्या महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतील चोरदरवाजा उघडकीस आणला. तो कार्यान्वित करणारी ओळ एका एम४ मॅक्रो फाइलमध्ये (कॉन्फिगर घडवताना लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलमध्ये) होती आणि ती बदललेली फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. टारबॉलवर ऑटोरीकॉन्फ चालवूनही सुटका नव्हती, कारण मॅक्रोच टारबॉलमधून येत होता. म्हणून जे इतरांसाठी पॅकेज बांधतात, त्यांनी स्वाक्षरी असलेल्या गिट टॅगवरून (रिपॉझिटरीत आवृत्तीवर केलेल्या खुणेवरून) सुरुवात करावी आणि वर सांगितलेली हत्यारे बसवण्याचा त्रास सोसावा, असे माझे मत आहे. स्वतःपुरते सॉफ्टवेअर हवे असणाऱ्याने मात्र आपल्या डिस्ट्रिब्यूशनचे तयार पॅकेज आहे का, हे आधी पाहावे. ते असूनही स्वतःच बिल्ड करायचे असेल, तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ ही कमांड त्या पॅकेजसाठी नोंदवलेल्या सगळ्या बिल्ड डिपेंडन्सी एका दमात बसवते. त्यापूर्वी एपीटीच्या यादीत सोर्सच्या ओळी सुरू केलेल्या असाव्या लागतात.