घरी प्रथमोपचारासाठी कोणतं बँडेज ठेवावं आणि ते कसं बांधायचं?

बँडेज कुठलं घ्यायचं हे सोपं आहे हो, लोक चुकतात ते बांधताना. म्हणून आधी आईचं सांगते.

आई बाथरूममध्ये घसरली, सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट सुजलं. दादाने लगेच क्रेप बँडेज, म्हणजे ताणलं जाणारं कापडी बँडेज, काढलं आणि कोपराच्या खालून सुरू करून बोटांकडे गुंडाळत आणलं, प्रत्येक वेढा जोर लावून ताणलेला, आणि वर म्हणे घट्ट असलं की सूज चढत नाही. बोटातली अंगठीसुद्धा तशीच ठेवली. रात्री अडीच वाजता आई मुंग्या येतायत म्हणून उठली, दिवा लावून बघते तर बोटं फुगलेली, निळसर, गार. नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे, ते पांढरंच. मी ताबडतोब सगळं सोडलं, हात उशीवर उंच ठेवला, साबण लावून लावून अंगठी काढली. सकाळी एक्सरेत हाड शाबूत निघालं. पण दादा आजही म्हणतो, तू पट्टी सोडलीस म्हणून सूज आठवडाभर राहिली.

नाही दादा, मुरगळलं की सूज तेवढे दिवस राहतेच, बोटं निळी पडली ती तुझ्या उलट्या पट्टीने. क्रेप नेहमी बोटांच्या बाजूने सुरू करून वर न्यायचं, वरून खाली आणलं की सूज बोटांत ढकलली जाते. प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा झाकायचा, रोल उलगडत न्यायचा, खेचायचा नाही, आणि बोटांची टोकं उघडी ठेवायची म्हणजे रंग दिसतो. दहा मिनिटांनी नख दाबून बघा, नंतरही बघत राहा, कारण सूज मागून वाढते आणि नीट बांधलेली पट्टीसुद्धा आवळते. झोपताना काढून ठेवा. मनगटाला ६ किंवा ८ सेंमी रुंदीचं पुरतं, घोट्याला १० घ्या.

जखमेला क्रेप नाही. वाहत्या पाण्याखाली धुवा, न चिकटणारं ड्रेसिंग लावा, वरून साधं, न ताणलं जाणारं कापडी रोलर बँडेज. कापूस थेट लावू नका, तंतू आत चिकटतात. रक्त वाहत असेल तर १० मिनिटं सलग दाबून धरा, उचलून बघू नका, भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. जखमेला हवा लागू दे, लवकर सुकेल, हेही दादाचंच. पण १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते.

आणि हो, हे सगळं साध्या मुरगळण्याचं आणि छोट्या जखमांचं. हात वाकडा दिसत असेल, बोटं हलत नसतील, जनावर चावलं असेल किंवा डायबेटिसवाल्याच्या पायाला जखम असेल तर घरी थांबू नका, डॉक्टरकडे जा. आणि अंगठी, घड्याळ जे काही हातात असेल ते सूज चढायच्या आधी काढा, पट्टी नंतर शोधा.