स्कोअररची वही : विराटच्या फ्लेक्सवर काय लिहायचं?

१२ मे २०२५ ला विराट कोहलीनं कसोटी क्रिकेट सोडलं आणि तेव्हापासून आमच्या टपालात दुसरा विषयच नाही. मी शाळेत एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून शिट्टी वाजवली, त्याहून जास्त वर्षं कोल्हापूरच्या शास्त्रीनगर मैदानावर झाडाखाली बसून स्कोअर लिहिला. खेळाडूपेक्षा त्याच्या निरोपावर एवढं भांडण झालेलं मात्र पहिल्यांदाच बघतोय. चार पत्रं निवडलीत.

सर, आमच्या तालमीतर्फे चौकात विराटसाठी आठ बाय दहाचा फ्लेक्स लावायचा आहे. संध्याकाळी छोटा कार्यक्रम आहे, त्यात मला पाच मिनिटं बोलायचंय. फ्लेक्सवर ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहायचं की ‘मानवंदना’, यावरून दोन गट पडलेत. आकडे कोणते घालू? भाषणात काय बोलू?
— एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

भावा, ते ‘आदरांजली’ आधी पुसायला सांग. आपल्याकडं हा शब्द हार घातलेल्या फोटोखाली येतो. पोरगा कसोटी सोडली तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, वन-डे खेळतच राहिला. फ्लेक्स बघून एखादी आजी हात जोडून उभी राहायची आणि विचारायची, ‘कुणाचं रे लेकरू गेलं?’ ‘मानवंदना’ चालेल. माझ्या मते नुसतं नाव पुरे.

आकड्यांना एक ओळ दे: १२३ कसोटी, ९२३० धावा, ३० शतकं. जास्त नको, कारण फ्लेक्सखाली उभ्या प्रत्येकाच्या खिशात ते आहेत. आणि तालमीच्या पस्तीस जणांचे गॉगल घातलेले फोटो येणारच, ते काही मी थांबवू शकत नाही. त्यात विराट कुठंय हे शोधावं लागू नये, एवढं बघ.

आता भाषण. ‘किंग’, ‘युगाचा अंत’, ‘न भूतो न भविष्यति’ हे शब्द त्या आठवड्यात इतक्यांनी वापरले की त्यांच्यावर कुणाचीच खूण राहिली नाही. तू एकच सांग: तू त्याला कधी बघितलंस, कुठं बसून बघितलंस, शेजारी कोण होतं. टीव्हीवर बघितलं असशील तर कुणाच्या दुकानातल्या टीव्हीवर, ते सांग.

माझं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आमचं घर पंचगंगेच्या बाजूला. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर कपाटाच्या खालच्या खणातल्या माझ्या बावीस वर्षांच्या स्कोअरच्या वह्या फुगून लादी झाल्या होत्या. निळी शाई सगळी पसरलेली, पानं सुटी होईनात. भांडी गेली, गादी गेली, त्याचं एवढं नाही वाटलं. पंधरा दिवस मी कुणाशी धड बोलत नव्हतो. शेवटी ऑक्टोबरात पोरगा म्हणाला, ‘चला, पुण्याला टेस्ट आहे,’ आणि त्यानं महाद्वार रोडवरून नवी वही आणून हातात दिली. रात्रीच्या एस.टी.नं स्वारगेट, तिथून पुढं हायवेला उतरून गहुंज्याचं स्टेडियम. ११ ऑक्टोबर, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस. आमच्या जागेवर सावलीचा पत्ता नाही. आदल्या दिवशीचा ६३ वर नाबाद विराट बॅटिंगला आला.

संध्याकाळी तो २५४ वर होता. त्याची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या तीच राहिली. पण लोकांना २५४ आठवतो, माझ्या वहीत वेगळंच दिसतं. त्यात ३३ चौकार आणि २ षटकार. वजाबाकी कर. ११० धावा त्यानं पळून काढल्या. वर जोडीदाराच्या धावांसाठी पळाला ते वेगळंच. दीडशे झाल्यावरही पहिली धाव अशी काढायचा की दुसरी व्हायलाच पाहिजे. स्कोअररला हे कळतं, कारण चौकार लिहून मान वर करायला वेळ मिळतो, दोन धावा लिहिताना मिळत नाही. २०८ वर त्याचा झेल गेला, तर तो नो-बॉल निघाला. माझ्या पोरानं वहीत ‘आउट’ लिहिताना माझा हात धरून थांबवला होता, तिथं शाईचा एक फराटा अजून आहे.

आणि शेवट ऐक. समोर रवींद्र जडेजा ९१ वर होता. तो बाद झाला त्या क्षणी विराटनं डाव घोषित केला. ५ बाद ६०१. कर्णधार तो, मैदान आपलं, तिहेरी शतकाला ४६ कमी, तीन दिवस शिल्लक. बाकीचे उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि मी खालमानेनं बेरीज जुळवत होतो. आफ्रिकेचे तीन गडी त्याच संध्याकाळी गेले.

असलं काहीतरी सांग. पाच मिनिटांऐवजी तीनच मिनिटं झाली तरी चालतील. तू सांगितल्यावर कट्ट्यावरचा दुसरा कुणीतरी ‘मी कुठं होतो सांगू का?’ म्हणत उठला, तर माईक त्याच्या हातात दे आणि खाली बस.

जाता जाता. १७ मेला बेंगळुरूला विराटच्या संघाची आयपीएलची मॅच होती. लोक लाल जर्सी घरी ठेवून कसोटीचे पांढरे कपडे घालून आले. आणि पाऊस असा लागला की एकही चेंडू पडला नाही. ना भाषण, ना शाल-श्रीफळ. पांढऱ्या कपड्यातली हजारो माणसं पावसात बसून परत गेली. मला या सगळ्या निरोपांत तो एक आवडला.

माझा तेरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी दुपारी जेवला नाही, रात्री उशीत तोंड खुपसून रडला. त्याचे पप्पा हसले, त्यामुळे आता दोघांत अबोला आहे. मी मुलाला काय समजावू?
— एक आई, इचलकरंजी

ताई, मुलाला काही समजावू नका. पप्पांना समजावा. आणि एक विनंती. २००६ मध्ये विराटचे वडील रात्री गेले आणि सकाळी तो दिल्लीच्या रणजी सामन्यात कर्नाटकाविरुद्ध बॅटिंगला आला, ९० करून संघ वाचवला, ही गोष्ट खरी आहे. पण ती मुलाला ‘बघ, तो रडला का?’ म्हणून ऐकवू नका. अठरा वर्षांच्या पोराच्या त्या सकाळचा आपण फार वापर करून ठेवलाय, शाळेच्या गॅदरिंगपासून ते क्लासच्या जाहिरातीपर्यंत. तुमच्या मुलाला भूक लागली की तो जेवेल. त्या दिवशी आवडीची भाजी करा.

सचिनला वानखेडेवर निरोप मिळाला, आई मैदानात आली, भाषण झालं, भारतरत्न जाहीर झालं. आणि अश्विन मालिकेच्या मध्यावर, रोहित आणि विराट मोबाइलवरून गेले. ही काय पद्धत झाली? प्रत्येक मोठ्या खेळाडूला निरोपाची कसोटी मिळालीच पाहिजे, असं बोर्डाला लिहावं म्हणतो.
— निवृत्त तलाठी, गारगोटी

भाऊसाहेब, तुमची कळकळ कळते. अश्विनचं मलाही लागलं. ५३७ बळी घेतलेला माणूस ब्रिस्बेनला पत्रकारांपुढं दोन वाक्यं बोलला आणि विमानात बसला. विराटची शेवटची कसोटी जानेवारीतली सिडनीची. धावा १७ आणि ६, दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाच्या बोलंडनं बाद केलं. तिथल्या स्कोअररनं ते सहा नेहमीसारखेच लिहिले असतील, कारण त्या दिवशी ती शेवटची ओळ आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी विराटनं आपला कसोटी टोपीचा २६९ हा क्रमांक लिहून पोस्ट टाकली आणि झालं.

पण वानखेडेची तीच कसोटी पुन्हा काढून बघा. नोव्हेंबर २०१३, वेस्ट इंडिजविरुद्ध, अडीच दिवसांत संपली. सचिन ७४ वर सॅमीच्या हातात झेल देऊन गेला, तेव्हा मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये डोळे पुसले. सामनावीर कोण होता, आठवतंय? प्रग्यान ओझा. दोन्ही डावांत पाच-पाच, दहा बळी. त्याचीही ती शेवटची कसोटी ठरली. सगळे कॅमेरे पंचवीस पावलांवर दुसरीकडं वळलेले होते. त्याला निरोपाची कसोटी मिळाली असं म्हणायचं का? मिळाली तर खरी.

आणि भाऊसाहेब, आपल्या गावचं विसरलात. भाऊसाहेब निंबाळकर. १९१९ साली कोल्हापुरात जन्म, २०१२ च्या ११ डिसेंबरला कोल्हापुरातच गेले, त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर रणजीचा सामना, काठियावाडविरुद्ध. काठियावाड २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. कमल भांडारकर २०५ आणि निंबाळकर नाबाद ४४३. दोघांची भागी ४५५ ची. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी असताना खेळ विश्रांतीसाठी थांबला, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही, तेव्हा संघ घेऊन ते निघूनच गेले. बॅट घेऊन उभ्या माणसाला गोलंदाज उरला नाही. आमचे वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी ठाकोरसाहेबांना अशी एक शिवी हासडायचे की आई आतून ओरडायची.

तोही स्कोअर मी एकदा सोडवून बघितला. ४९ चौकार आणि १ षटकार, म्हणजे २०२. उरलेल्या २४१ धावा पळून, आठ तासांहून जास्त वेळ उभं राहून. आजही रणजीसारख्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांत एवढ्या धावा दुसऱ्या कुठल्या भारतीयानं एका डावात केलेल्या नाहीत. आणि निंबाळकर भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. निवृत्ती जाहीर करायलाही आधी संघात घ्यावं लागतं.

बोर्डाला पत्र जरूर लिहा, तलाठ्याचं अक्षर चांगलं असतं. पण गेल्या वर्षी मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. नववीच्या वर्गाला विचारलं, ४४३ म्हणजे काय? सगळे गप्प. मागच्या बाकावरून एक उत्तर आलं, ‘सर, गाडीचा नंबर?’

सर, मित्राबरोबर मिसळीची पैज आहे. तो म्हणतो, सचिनचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना हरियाणातल्या लाहलीचा, त्यात तो नाबाद ७९ होता. मी म्हणतो वानखेडे. कोण बरोबर?
— दोघे मित्र, राजारामपुरी

पैज तू जिंकलास. लाहलीचा सामना ऑक्टोबर २०१३ मधला, ती त्याची शेवटची रणजी. पहिल्या डावात ५ आणि दुसऱ्यात नाबाद ७९, मुंबई जिंकली, इथपर्यंत मित्राचं पाठांतर पक्कं आहे. पण कसोटी सामना हासुद्धा प्रथम श्रेणीतच धरतात, त्यामुळं शेवटचा वानखेडेचाच. मिसळ त्याच्याकडून घे. कट जादा मागितलास तर त्याचे पैसे तू दे, पैजेत ते ठरलं नव्हतं.