होयाचा देठ कापू नका

ताई, होया म्हणजे मेणासारख्या फुलांची वेल. तिची फुलं गळल्यावर मागे जो बुटका देठ उरतो, तो आधी जपा. पुढचा बहर त्याच देठावर येतो! वाळला समजून मी पहिल्या वर्षी सगळे छाटले आणि पुढं कितीतरी महिने नुसती पानंच बघत बसले, म्हणून कळकळीनं सांगते.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत कुंडी नकोच, पानं करपतात. पूर्वेचं कोवळं ऊन उत्तम. पानं जाड, पाणी साठवणारी. त्यामुळं माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी घाला. कुंडी लहानच बरी. कळ्या दिसल्या की मात्र जागा हलवू नका, गळतात.