अध्ययन अक्षमतेचं प्रशिक्षण झालं, पण वर्गात नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की चौथीच्या वर्गात दोन मुलं वाचताना फार अडखळतात, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊनही हाती काही लागलं नाही, आता कोणता कोर्स करू? कोर्सचं नंतर बघू. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची, व्याख्या कितीही वेळा ऐकली तरी वाचन शिकवता येत नाही. मुलांच्या चुका समोर ठेवून झालेलं प्रशिक्षणच वर्गापर्यंत पोचतं.

'वर्ग' हा शब्द घ्या. मूल 'वगर' वाचतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, लक्ष आहे म्हणूनच तसं वाचतंय! रफार बसतो 'ग'च्या डोक्यावर, उच्चार मात्र 'ग'च्या आधी. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने वाचलं तर 'वगर'च होणार. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट: खूण आधी, उच्चार नंतर. म्हणून उच्चाराच्या क्रमाने लिहिताना 'पिशवी'ची 'पशिवी' होते. अशा मुलाला तोच शब्द दहादा लिहून आणायला सांगणं म्हणजे चूकच घोटून घेणं.

आधी एक इयत्ता खालचा, साठेक शब्दांचा अनोळखी उतारा एकट्याला वाचायला द्या, सगळ्या वर्गासमोर नको. दुसरी प्रत तुमच्या हातात. मूल जसं म्हणेल तसंच शब्दावर लिहा, नुसती फुली मारू नका. असे तीन उतारे झाले की चुकांचे गट दिसतात: भ-म, घ-ध अशी सारखी दिसणारी अक्षरं, वेलांटी, रफार व जोडाक्षरं, गाळलेले प्रत्यय.

मग एका वेळी एकच गट, रोज पंधरा मिनिटं. रफारासाठी आधी कान: 'वर्ग' म्हणा, प्रत्येक आवाजाला एक चिंचोका सरकवू द्या. मग र चा पाय मोडून 'वर्‌ग' लिहा, आणि तो र् मुलाच्याच हाताने वर चढवू द्या. आठ शब्द पुरेत, शेवटी पाचांचं श्रुतलेखन. वेलांटी आणि रफार एकाच आठवड्यात घेतले की दोन्ही विसकटतात. दर पंधरवड्याला नवा उतारा घ्या, जुना पाठ झालेला असतो.

ही कागदं तुमच्या शाळेच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत न्या आणि साधनव्यक्तींना, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांना, तुमच्या वर्गात बसायला बोलवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास सांगितलाय. ते तास इथे खर्च व्हावेत.

'आधी मुलाचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र येऊ द्या, मग बघू' हे मला मुळीच मान्य नाही. प्रमाणपत्र परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं, शिकवायला नाही. हां, निदान मात्र आपण करायचं नाही, आणि नजर व कान आधी तपासून घ्यायचे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचं डिस्लेक्सिया तपासण्याचं 'डाली' हे साधन मराठीतही आहे, तिसरी ते पाचवीचा भाग वेगळा आहे. तो मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकांकडून करून घ्या.

कोर्स कराच, पण निवडताना एकच विचारा: प्रत्यक्ष मुलासोबत, कुणाच्या देखरेखीखाली किती तास शिकवायला मिळेल?