कॅलिफोर्नियात मुलीच्या शाळेतून ‘स्कूल साइट कौन्सिल’साठी उभं राहण्याचा ईमेल आला आहे. हे नेमकं काय असतं? एच-१बी व्हिसावरच्या पालकाने यात पडावं का?

व्हिसाचं आधी सांगते. नागरिकत्वाची अट नाही. तुमचं मूल त्या शाळेत आहे आणि तुम्ही त्याच शाळेत नोकरीला नाही, एवढं पालक प्रतिनिधी व्हायला पुरतं. हे स्कूल बोर्डाच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळांवरच्या निवडून आलेल्या मंडळाच्या, निवडणुकीसारखं नाही. तिथे मतदार यादीत नाव लागतं, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही ती वाट बंद असते. इथे मतदार म्हणजे शाळेतले पालक. बहुतेक वेळा जागा पाच आणि इच्छुक चार अशी गत असते, त्यामुळे ‘निवडणूक’ या शब्दाने दडपून जाऊ नका.

मी बे एरियातल्या एका प्राथमिक शाळेच्या कौन्सिलवर होते, त्यावरून लिहिते आहे. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत.

केंद्राचा टायटल वन (कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा) वगैरे निधी घेणाऱ्या शाळेला कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यानुसार हे कौन्सिल ठेवावंच लागतं. प्राथमिक शाळेत कमीत कमी दहा जण: मुख्याध्यापक, तीन वर्गशिक्षक, एक इतर कर्मचारी आणि समोर पाच पालक. म्हणजे अर्धी मतं पालकांची. हायस्कुलात पालकांच्या बाजूच्या निम्म्या जागा विद्यार्थ्यांना जातात. शिक्षकांचे प्रतिनिधी शिक्षक निवडतात, पालकांचे पालक. मुख्याध्यापकांना ‘तुम्ही या आणि तुम्ही या’ असं नेमता येत नाही. काही ठिकाणी तसं सर्रास चालतं, पण ते नियमाला धरून नाही.

पीटीएशी, म्हणजे पालक-शिक्षक संघाशी, याची गल्लत करू नका. पीटीए पैसे गोळा करते: फन रन, पिझ्झा नाइट, लिलाव. कौन्सिल सरकारी पैसा कुठे खर्च व्हावा ते ठरवतं. पीटीएत गर्दी आणि ओळखी जास्त होतात. कौन्सिलमध्ये दुपारी साडेतीनला ग्रंथालयातल्या, दुसरीतल्या पोरांच्या मापाच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि आकड्यांचे तक्ते वाचायचे. सूचक, अनुमोदक, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर, सगळं आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेसारखंच. फक्त पार्किंगवरून भांडण नाही.

कौन्सिलचं मुख्य काम एकच: शाळेचा वार्षिक सुधारणा आराखडा. नाव ‘स्कूल प्लॅन फॉर स्टुडंट अचीव्हमेंट’, बोलताना सगळे ‘एसपीएसए’ म्हणतात. मुलं कुठे मागे पडतायत, त्यासाठी काय करणार, त्याला किती पैसे, ते कुठल्या निधीतून, आणि मागच्या वर्षी ठरवलेल्याचं काय झालं, हे त्यात यावं लागतं. कौन्सिल तो तयार करून मंजूर करतं, मग तो स्कूल बोर्डाकडे जातो. बोर्डाने नाकारला तर नेमकी कारणं कौन्सिलला कळवावी लागतात. दरवर्षी फेरआढावाही सक्तीचा.

कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात स्कूल डिस्ट्रिक्टच्या (आपला जिल्हा नव्हे, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) साच्यातला पन्नासेक पानांचा मसुदा सभेच्या आदल्या आठवड्यात येतो, मुख्याध्यापक स्लाइड दाखवतात, सगळे माना डोलावतात, हात वर होतात आणि चाळीस मिनिटांत सभा आटोपते. त्यात कुणाचं कारस्थान नसतं. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर आणखी शंभर कामं असतात आणि पालकांना काय विचारावं ते सुचत नाही. म्हणून माझा सल्ला: ध्येयांची पानं चाळा, पण वेळ घाला तो खर्चाच्या ओळींवर. ‘प्रत्येक विद्यार्थी यशस्वी होईल’ या वाक्याशी कुणाचंच भांडण नसतं. खरं काय ते ‘सॉफ्टवेअर परवाना’, ‘बदली शिक्षकांचं मानधन’, ‘शाळेनंतरचे जादा तास’ या रकान्यांत असतं.

एक उदाहरण देते. आमच्या आराखड्यात वाचन सुधारण्यासाठी एका ऑनलाइन कार्यक्रमाचं वर्गणीचं बिल दरवर्षी जसंच्या तसं पुढे येत होतं. एका व्हिएतनामी आईने सहज विचारलं, ‘हे मुलं वापरतात का?’ कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या सभेला मुख्याध्यापकांनी वापराचा अहवाल काढून आणला, तर पहिली-दुसरीत तो रोज चालू होता आणि चौथी-पाचवीत जवळजवळ कुणी उघडतच नव्हतं. मग वरच्या वर्गांचे परवाने कमी करून ते पैसे शाळेनंतर लहान गटाला वाचायला शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या तासांकडे वळवले. आवाज चढवावा लागला नाही की तक्रार करावी लागली नाही. तिसरीपासून राज्याची परीक्षा असते, तिचे निकाल शरद ऋतूत येतात आणि नंतर राज्याच्या डॅशबोर्डवर शाळेला लाल (सगळ्यात वाईट) ते निळा (सगळ्यात चांगला) असे रंग मिळतात. हे प्रश्न तेव्हाच विचारा. वसंतात मसुदा टेबलावर येईस्तोवर पैशांची वाटणी बरीचशी ठरलेली असते.

आता जे या टेबलावर येतच नाही ते. अमुक शिक्षिका बदला, मुख्याध्यापकांचं मूल्यमापन करा, गणितात मुलांना एक इयत्ता पुढे बसवा, दिवाळीची सुट्टी द्या: हे सगळं डिस्ट्रिक्टचं किंवा बोर्डाचं काम. आपल्या मंडळींचा गणितावर फार जीव, म्हणून मुद्दाम लिहिते. टायटल वनच्या पैशाला तर आणखी एक बंधन आहे: डिस्ट्रिक्टने एरवी जे द्यायलाच हवं, त्याच्या बदल्यात तो वापरता येत नाही. तो भर म्हणून वापरायचा. वर्गात नियमित शिक्षक पुरवणं डिस्ट्रिक्टचं काम. त्याच्यापलीकडची मदत या पैशातून.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा एक फॉर्म भरला असेल. बरेच मराठी आईबाप घाबरून सगळीकडे ‘इंग्लिश’ लिहितात, कारण ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची परीक्षा होते. पहिल्या प्रवेशापासून ३० दिवसांत ती घ्यावी लागते. पण इंग्रजी पक्कं असलेलं मूल पहिल्याच झटक्यात त्यातून सुटतं. नसेल तर त्याला इंग्रजीची वेगळी मदत मिळणं हा त्याचा हक्क होतो, आणि २०१३ पासूनच्या राज्याच्या निधी सूत्रात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी डिस्ट्रिक्टला जादा पैसे मिळतात. शाळेत अशी २१ मुलं झाली की त्यांच्या पालकांची ‘ईलॅक’ नावाची वेगळी समिती बसवावी लागते आणि ती आराखड्यावर सल्ला देते. तिच्यात स्पॅनिश बोलणाऱ्या आया भरपूर दिसतात, मराठी माणूस औषधाला सापडत नाही. खरं लिहिलेलं बरं.

शाळेच्या वरचा थर म्हणजे डिस्ट्रिक्टचा तीन वर्षांचा आराखडा, ‘एलकॅप’. तो १ जुलैच्या आत मंजूर व्हावा लागतो. त्यासाठीच्या पालक सल्लागार समितीने लेखी मत दिलं तर सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, लेखी उत्तर देणं भाग आहे. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. आधी शाळेचं समजू द्या, तिथे आद्याक्षरांचं जंगल याहून दाट आहे.

हे तुम्हाला नवीन वाटतंय, कारण बहुधा तुम्ही पुण्या-मुंबईच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या वातावरणातून आलात. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणि तिने करायचा शाळा विकास आराखडा आणला, पण सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी, विनाअनुदानित वगळल्या. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे आकड्यांत पाहिलं तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकाला इथल्यापेक्षा जास्त जागा दिल्या आहेत. आमच्या गावची काकू अशा समितीवर होती. पोषण आहाराचा तांदूळ सगळ्यांसमोर मोजून घ्यायची. इथल्या पालकांतही मला तीच चिकाटी हवी आहे.

तर पडावं का? वर्षात पाच-सहा सभांचा वेळ काढता येत असेल तर जरूर. उभं राहायचं नसेल तरी सभेला जाऊन बसता येतं: सभा सर्वांना खुली असते आणि विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय झाला, तर कुणीही मागणी केल्यावर पुढच्या सभेत लोकांचं ऐकून त्यावर फेरविचार करावा लागतो. फॉर्म भरण्याआधी गेल्या वर्षीचा आराखडा शाळेच्या संकेतस्थळावर शोधा, नाही सापडला तर ऑफिसात मागा. ‘स्वतःबद्दल चार ओळी’ मध्ये पदव्या आणि कंपनीचं नाव लिहू नका. मुलगी कितवीत आहे आणि त्या आराखड्यातली कुठली ओळ तुम्हाला समजून घ्यायची आहे, ते लिहा.