सहा वेबसाइटींनी एकमेकींशी कसं बोलावं?

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण गेली चार वर्षं देवरायांच्या नोंदी करतो आहोत. भोर, मुळशी, जुन्नर, आजरा, सावंतवाडी असे विखुरलेले. सहावी मैत्रीण आता बेंगळुरूला असते, ती फोटो लावून देते. आमचा गट एका मोठ्या कंपनीच्या सोशल नेटवर्कवर होता. एके सकाळी तो दिसेनासा झाला. तक्रार केली, ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. फोटो आमच्याकडे होते, पण त्यांखालची चर्चा गेली. म्हणून प्रत्येकाने स्वतःची वेबसाइट काढली. पाच जणांची वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे, एकाची हाताने लिहिलेली साधी पानं आहेत. पण आता कोणी काय लिहिलं ते दुसऱ्याला कळतच नाही. आमच्यातला एक जण म्हणतो, ‘माझ्या सर्व्हरवर सगळ्यांची एकच साइट करतो.’ हे करावं का? — एक वाचक, जुन्नर

उत्तर : नका करू. तुमचा मित्र चांगलाच असणार, तरीही नका करू.

आम्ही आठ जणींनी घरोघरच्या जुन्या पाककृतींची अशीच एक सामाईक साइट केली होती. सगळा कारभार एकीच्या हाती होता. तिची आई वर्षभर आजारी होती. त्या धावपळीत डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे भरायचे राहिले, मग होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागाही बंद झाली. तिचा काही दोष नव्हता. पण माझ्या मावशीने फोनवर सांगितलेल्या सांडग्यांच्या आणि फणसाच्या भाजीच्या कृती मी थेट तिथेच टाइप केल्या होत्या. मावशी आता नाही. त्या कृती मला परत कोणी सांगणार नाही. कंपनीच्या जागी मित्र आला, तरी सगळ्यांचं सगळं एकाच माणसाच्या भरवशावर राहतंच.

तुम्ही सहा वेबसाइटी काढल्यात, तेच खरं काम होतं. आता त्यांच्यामध्ये फक्त वाट पाडायची आहे.

आधी वाचण्याचं बघू. वर्डप्रेसची प्रत्येक साइट स्वतःची आरएसएस फीड, म्हणजे नव्या नोंदींची यादी असलेली फाइल, आपोआप काढते. सहाही जणांनी मोबाइलवर अशा याद्या वाचणारं अ‍ॅप, म्हणजे एक फीड रीडर, घ्यावा आणि बाकी पाच पत्ते त्यात घालावेत. आजऱ्याहून गारंबीच्या वेलाची नोंद पडली की जुन्नरला दिसेल. हाताने पानं लिहिणाऱ्या मित्राला फीडची फाइलही हातानेच लिहावी लागेल. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, तो नक्की करेल.

खरी गोम आहे उत्तर देण्यात. इथे वेबमेन्शन वापरा, म्हणजे एका साइटने दुसरीला उल्लेख कळवायची ठरलेली पद्धत. समजा, सावंतवाडीच्या नोंदीवर तुम्हाला काही म्हणायचं आहे. ते तुम्ही तुमच्याच साइटवर लिहायचं आणि त्यात सावंतवाडीच्या पानाचा दुवा द्यायचा. तुमची साइट त्या साइटला एवढाच निरोप धाडते : माझ्या या पानावर तुमच्या त्या पानाचा उल्लेख आहे. निरोपात दोन पत्ते असतात, बाकी काही नाही. सावंतवाडीची साइट तुमच्या पानावर येऊन दुवा खरंच आहे का ते बघते आणि मगच तुमचं उत्तर आपल्या नोंदीखाली दाखवते. हे येऊन बघणं मला फार मोलाचं वाटतं. 2002 च्या सुमारास ट्रॅकबॅक नावाची अशीच सोय निघाली होती. तिच्यात अशी खातरजमा बंधनकारक नव्हती, म्हणून जाहिरातबाजांनी तिची वाट लावली. वेबमेन्शनला डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी 2017 मध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली. तुमचं उत्तर तुमच्या घरी राहतं, म्हणजे उद्या सावंतवाडीची साइट बंद पडली तरी तुमचे शब्द तुमच्याकडेच.

वर्डप्रेसवाल्यांसाठी वेबमेन्शनचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं तयार जोडसॉफ्टवेअर, आहे. साध्या पानांवर निरोप घेणारं कोणी नसतं, म्हणून त्या मित्राने अ‍ॅरन पारेकी या प्रोग्रामरची ‘वेबमेन्शन डॉट आयओ’ ही सेवा वापरावी. पानात एक ओळ घालायची, की निरोप तिथे जमा होतात. ती सेवा पुढे सोडावीशी वाटली तर तीच ओळ बदलायची. जमलेल्या निरोपांची प्रत मात्र वेळोवेळी उतरवून ठेवायला सांगा.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खड्डा हमखास लागतो. माझ्या त्यात दोन संध्याकाळी गेल्या. पानाच्या पत्त्यात ‘देवराई’ हा शब्द देवनागरीत असला, की तोच पत्ता एका ठिकाणी देवनागरीत दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येतो. तपासणी दोन्ही पत्ते अक्षराला अक्षर जुळवते, ते जुळत नाहीत आणि निरोप नाकारला जातो. म्हणून मजकूर खुशाल मराठीत असू द्या, पण पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा : गावाचं नाव, तारीख, बस्स. आणि जुने पत्ते वरचेवर बदलू नका.

बाहेरच्या लोकांनीही वाचावं असं वाटत असेल तर अ‍ॅक्टिव्हिटीपब आहे, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरांवरच्या सोशल नेटवर्कांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. मॅस्टोडॉन हे अनेक सर्व्हरांवर पसरलेलं सोशल नेटवर्क त्यावरच चालतं. त्याचं प्लगइन घातलं की मॅस्टोडॉनवरचा माणूस तुमच्या साइटलाच फॉलो करू शकतो. जीमेलवाल्याने रेडिफमेलवाल्याला पत्र धाडावं, तसंच हे. पण तुमच्या कामात इथे जपायला हवं. तिकडे गेलेल्या नोंदीच्या प्रती अनोळखी सर्व्हरांवर साठतात. तुम्ही इकडे खोडलं तर खोडल्याचा निरोप जातो, पण प्रत्येकजण तो पाळेलच असं नाही. धनेशाची ढोली कोणत्या झाडावर आहे, हे नकाशातल्या बिंदूसह एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही. तालुक्यापर्यंतच लिहा. फोटोत दडलेलं जीपीएसही काढून टाका, बेंगळुरूच्या मैत्रिणीला ते सहज जमेल.

राहिली डोमेनची गोष्ट. सहाही जणांनी स्वतःच्या नावावर डोमेन घ्यावं, कोणाच्या फुकटच्या उपपत्त्यावर राहू नये. होस्टिंग बदलता येतं. पत्ता बदलला तर मात्र आजवरचे सगळे दुवे तुटतात. नूतनीकरणाची तारीख घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. हे मी मावशीच्या कृती आठवून सांगते आहे.

सुरुवातीला आलेला प्रत्येक निरोप हाताने मंजूर करा, आपल्या पाच डोमेनांना तेवढी कायमची मुभा द्या. सर्व्हर चालवू पाहणाऱ्या मित्राच्या हौसेला काम आहेच : सहाही साइटींचा महिन्याचा बॅकअप तपासणं आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी डिस्कवरही ठेवणं.

या आठवड्यात एवढंच करा. भोरच्या एखाद्या नोंदीला तुमच्या साइटवरून उत्तर लिहा आणि ते तिकडे उमटतं का बघा. नाही उमटलं तर दोन्ही पानांचे पत्ते मला पाठवा.